नाशिक जिल्ह्यातल्या बोलींसाठी संशोधन मंडळ काढायचं आहे: आधी नोंदणी, की आधी काम?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्ही अकरा जण भाषा-साहित्याच्या संशोधनासाठी एक छोटं मंडळ काढतो आहोत. चार प्राध्यापक, दोन ग्रंथपाल, तीन शाळाशिक्षक, एक पत्रकार आणि एक सीए. विषय आपल्या जिल्ह्यातल्या बोली आणि त्यांतलं मौखिक वाङ्मय. बागलाण, मालेगाव, देवळ्याकडची अहिराणी, सुरगाणा, पेठ, कळवणची कोकणा, पेठ-हरसूलकडची वारली, इगतपुरी-त्र्यंबकची महादेव कोळी आणि ठाकर समाजांची बोली. शिवाय वर्षातून एकदा संशोधनपत्रिका काढावी असंही मनात आहे.

आमच्यात दोन मतं पडली आहेत. काही म्हणतात, आधी नोंदणी करू, बँक खातं उघडू, मग काम. काही म्हणतात, आधी वर्षभर काम करू. तिसरा एक प्रस्ताव थेट बोलीभाषा संमेलन भरवण्याचा आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं: नोंदणीत काय चुकतं? गावात जाऊन रेकॉर्डिंग करायचं तर कशावर, किती, कसं? पत्रिकेला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, कसा मिळतो? आणि अहिराणी देवनागरीत लिहायची कशी, यावरून पहिल्याच बैठकीत अर्धा तास गेला, त्याचंही काही सांगा.

दप्तरदार

संमेलन सध्या बाजूला ठेवा. एका संमेलनात मंडळाची वर्षभराची ताकद आणि सगळी वर्गणी जाते, आणि मागे उरतात छायाचित्रं. 1910 साली पुण्यात निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा 1948 चं मुंबईचं मराठी संशोधन मंडळ यांची नावं आजही संशोधक घेतात, ती त्यांच्या दप्तरामुळे, सूचींमुळे आणि नियतकालिकांमुळे. लांब कशाला, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ शेजारी धुळ्यात आहे. एकदा सगळ्यांनी मिळून जाऊन कागद कसे ठेवतात ते बघून या.

माझं मत: नोंदणीचे कागद आजपासून तयार करा, पण अर्ज सहा महिन्यांनी टाका. मधल्या काळात एक गाव, एक बोली, दहा तासांचं रेकॉर्डिंग एवढं पूर्ण करा. मग उद्देशांचं कलम लिहिताना तुम्हाला नक्की काय करायचं आहे ते कळलेलं असेल.

हे कलम महत्त्वाचं अशासाठी की ते नंतर सहज बदलता येत नाही. संस्था नोंदणी अधिनियम 1860 च्या कलम 12 प्रमाणे उद्देश बदलायचे तर 10 दिवसांची लेखी सूचना देऊन विशेष सभा, तिथे तीन पंचमांश मतं, आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांश. म्हणून पहिल्यांदाच नीट लिहा. 'मराठीच्या बोलींचा अभ्यास' असं लिहू नका. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे (1905), तर खानदेशी, जिच्यात अहिराणी धरतात, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांबरोबर (1907). जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात. अहिराणी ही बोली की स्वतंत्र भाषा, या वादाचा निकाल संस्थेच्या घटनेत लावायचं कारण नाही. 'नाशिक जिल्ह्यात व लगतच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या भाषा व बोली, त्यांतील लिखित व मौखिक साहित्य यांचे संकलन, जतन, संशोधन व प्रकाशन' एवढं लिहिलंत की सगळं त्यात बसतं.

आता पायऱ्या. किमान 7 सभासद लागतात, ते तुमच्याकडे आहेत. विधानपत्र (संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा कागद), नियमावली, सभासदांची यादी (पत्ता आणि व्यवसायासह), स्थापनेच्या सभेचा ठराव, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचं ना हरकत पत्र, एवढे कागद. नावात 'राष्ट्रीय', 'भारत सरकार' अशा शासकीय भासणाऱ्या शब्दांचा मोह टाळा, तिथेच अर्ज परत येतो. आधी सहायक संस्था निबंधकांकडे 1860 च्या कायद्याखाली नोंदणी, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली अर्ज. दुसऱ्या नोंदणीत 'एफ'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. पहिलं प्रमाणपत्र हाती आल्यावर काम संपलं असं समजून पुष्कळ संस्था तिथेच थांबतात आणि पुढे अनुदानाच्या अर्जात अडकतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बदल अर्जाचा. कार्यकारिणी बदलली, कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, पत्ता बदलला, की 90 दिवसांच्या आत कलम 22 खाली अनुसूची तीनमधला अर्ज द्यायचा. निवडणूक होते, हार घातले जातात, अर्ज राहून जातो. पाच वर्षांनी दप्तरी जुनीच कार्यकारिणी असते, बँक नव्या सह्या मानत नाही आणि दोन गटांत भांडण लागलं तर कायदेशीर पदाधिकारी कोण, हेच ठरत नाही. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्यालाच बदल अर्जाचीही जबाबदारी द्या, म्हणजे दोन कामांमध्ये माणूस बदलत नाही.

विसर्जनाचं कलम लोक छापील नमुन्यातून जसंच्या तसं उतरवतात. तुम्ही तसं करू नका. कलम 14 प्रमाणे संस्था बंद झाली तर मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. तुमची खरी मालमत्ता म्हणजे रेकॉर्डिंग. ती कशा प्रकारच्या संस्थेकडे जावी (विद्यापीठाचा भाषाविभाग, सार्वजनिक ग्रंथालय), कोणत्या अटींवर जावी, हे तिथेच लिहून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. आयकर खात्याकडे संस्थेची आणि देणगी-सवलतीची नोंदणी (1961 च्या कायद्यातली 12अ आणि 80ग) झाल्यावरच देणगीदाराला सवलत मिळते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर सीएसआर-1 नोंदणी आणि त्याच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव बघतात. म्हणजे तो निधी पहिल्या दिवशी मिळणार नाही, पण तीन वर्षांचे अहवाल आणि लेखापरीक्षण आतापासून नीट ठेवलंत तर मिळू शकेल. पुस्तकविक्रीची रक्कम एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली तर 'सर्वसाधारण लोकोपयोगी' उद्दिष्टाच्या संस्थेची करसवलत अडचणीत येते. तुमच्यातल्या सीएंना हे पहिल्याच वर्षी विचारा. परदेशातून एक रुपयाही विदेशी देणगी कायद्याच्या नोंदणीशिवाय घेऊ नका.

ध्वनिमुद्रक

दप्तरदारांनी कागद सांगितले, मी गावातलं सांगतो.

किती रेकॉर्ड करायचं, ते लिहून काढण्याच्या ताकदीवर ठरवा. सरावलेल्या माणसालाही एका मिनिटाचं बोलणं बोलीत उतरवून, शब्दशः अर्थ आणि मराठी भाषांतर देऊन पूर्ण करायला साधारण पाऊण तास लागतो. म्हणजे एका तासाच्या रेकॉर्डिंगला 45 तास. तुमच्यातले तिघे आठवड्याला पाच-पाच तास बसले तर दहा तासांचं काम 30 आठवडे चालेल. उत्साहात 40 तास जमवलेत तर सव्वादोन वर्षांहून जास्त. न उतरवलेलं, नोंद नसलेलं रेकॉर्डिंग पाच वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचं नसतं, कारण बोलणारा कोण आणि कशाबद्दल बोलतो आहे हे सांगणारंच कोणी उरत नाही. दप्तरदारांचा दहा तासांचा आकडा बरोबर आहे.

यंत्र साधं चालेल. झूम एच1 किंवा टॅसकॅम डीआर-05 सारखा हातातला रेकॉर्डर आणि एक कॉलर माईक. वेव्ह फाईल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. एका चॅनेलला तासाला सुमारे 520 एमबी लागतात, स्टिरिओला 1 जीबीच्या थोडं वर. एमपी3त मुद्रण करू नका: कानाला फरक जाणवत नाही, पण स, श, च यांचे बारीक उच्चारभेद तपासताना नेमकी वरची कंपनं कापलेली असतात. आणि फाईल व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवू नका, ती दाबून लहान केली जाते. तीच प्रत मूळ समजून ठेवली गेली तर सगळं गेलं. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल. फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही, हळू आवाज वाढवता येतो. माईक तोंडापासून वीतभर खाली, पदरावर किंवा सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी. बांगड्या आणि गळ्यातली माळ माईकला घासते का, ते आधी हेडफोन लावून ऐका.

वेळ कोणती? जूनअखेर ते सप्टेंबर पेठ-सुरगाण्यात पत्र्याखाली किंवा कौलाखाली रेकॉर्डिंग होत नाही, पावसाचा आवाजच मोठा. पण भाताच्या आवणीची, म्हणजे रोपलावणीची, गाणी त्याच दिवसांत बांधावर ऐकायला मिळतात, ती हवी असतील तर उघडीप बघून शेतातच जा आणि माईकला केसाळ वारारोधक टोपी घाला. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांच्या गोडी छाटणीला माणसं दिंडोरी-निफाडकडे उतरतात, एप्रिलमध्ये खरड छाटणीलाही. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि मुलं असतात. कथा ऐकायला हा काळ चांगला, पण तरुण पिढीची बोली हवी असेल तर बागेतल्या मजुरांच्या मुक्कामावरच भेट घ्यावी लागेल. आठवडे बाजाराचा दिवस टाळा.

विचारायचं कसं, इथे सगळ्यात जास्त चुकतं. "'मी उद्या जाईन' हे तुमच्या बोलीत कसं म्हणाल?" असं विचारलंत की समोरचा मराठी वाक्यच किंचित वाकवून देतो. शिक्षक किंवा साहेब समोर बसला की माणूस आपोआप शाळेची मराठी बोलू लागतो. म्हणून त्याच गावातली दोन माणसं समोरासमोर बसवा, विषय द्या आणि पहिली दहा मिनिटं तुम्ही गप्प बसा. शब्दांसाठी वस्तू हातात द्या. इरलं समोर ठेवून त्याच्या प्रत्येक भागाचं नाव विचारा: वरचा कणा, आतल्या काड्यांची जाळी, पानांचा थर, बांधायची दोरी. नागलीचं (नाचणीचं) विचारायचं तर राब भाजण्यापासून खळ्यापर्यंत त्या-त्या जागी उभं राहून. घरात बसून शब्दयादी भरलीत तर 30 शब्द मिळतात, शेतात 200.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ते संकेतस्थळावर खुलं ठेवलं आहे. गाव निवडण्याआधी ते बघा. कोणत्या व्याकरणिक रूपांची तुलना करायची याचा तयार आराखडा तिथे मिळेल आणि झालेलं काम पुन्हा होणार नाही.

फाईलचं नाव रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता: भाषेचा संकेत, तारीख (वर्ष-महिना-दिवस), गावाचा 2011 च्या जनगणनेतला सहा अंकी क्रमांक, बोलणाऱ्याचा क्रमांक. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत निघतात, म्हणून क्रमांक. भाषेला आयएसओ 639-3 चे तीन अक्षरी संकेत वापरा: अहिराणीला ए-एच-आर, कोकणाला के-ई-एक्स, वारलीला व्ही-ए-व्ही. 'कोकणा'ची नोंद नुसती 'कोकणी' अशी केलीत तर जगाच्या सूचीत ती गोव्याच्या कोकणीत जाऊन पडते. ही चूक फार वेळा होते आणि मग ते रेकॉर्डिंग शोधणाऱ्याला सापडत नाही.

घरी आल्यावर कार्ड पुसण्याआधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, आणि तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. दोन्ही डिस्का एकाच कपाटात ठेवल्या तर ती एकच प्रत समजा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. लिहून काढायला ईलान नावाची मोफत प्रणाली वापरा: आवाजाच्या लाटेखाली चार ओळी ठेवा, पहिली बोली देवनागरीत, दुसरी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, तिसरी शब्दाखाली शब्द, चौथी मराठी अर्थ.

बागलाणकर

अहिराणी कशी लिहायची यावरून अर्धा तास गेला म्हणता, वर्ष जायचंही वाटतं कधी कधी. संशोधनासाठी एकच नियम पाळा: ऐकलं ते लिहा, सुधारू नका.

मराठीच्या ळ च्या जागी अहिराणीत बहुधा य येतो. डोया, काया, फय. मराठी शिकलेला लिहिणारा हात नकळत 'डोळा' लिहितो आणि मुद्रितशोधक उरलेले 'सुधारतो'. मग पुढचा अभ्यासक म्हणतो, या गावात ळ आहे! तसंच 'शे'चं 'आहे' करू नका, 'माले-तुले'चं 'मला-तुला' करू नका. "तुनं नाव काय शे?" हे वाक्य तसंच्या तसं राहू द्या, अर्थ खालच्या ओळीत येतोच आहे. पण सटाण्याचा एखादा माणूस खरंच 'डोळा' म्हणाला असेल तर तेही तसंच लिहा. शाळेमुळे, नोकरीमुळे दोन्ही रूपं एकाच तोंडात असतात, आणि कोण कधी कोणतं वापरतो हाच खरा अभ्यासाचा विषय आहे.

दोन गोष्टी देवनागरीत मुळातच अडचणीच्या. एक, च-ज-झ चे दोन उच्चार, 'चार'मधला आणि 'चाक'मधला. मराठीत आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि सवयीने ओळखतो. परक्या बोलीत सवय नसते. म्हणून दंततालव्य उच्चाराला खाली नुक्ता द्या, च़ाक, आणि नियमावलीत तसं लिहा. दुसरी, शेवटचा अनुस्वार. 'मनं', 'तुनं' इथला अनुस्वार नाकात नाही, तो लांबवलेला अ आहे. ध्वनिलिपीच्या ओळीत तो तसा दाखवा, नाहीतर बाहेरचा वाचक नाकातून वाचेल.

आणि 'शुद्ध अहिराणी' नावाचा शोध घेऊ नका. कळवणची, मालेगावची, नांदगावकडची, जळगाव जिल्ह्यातली, प्रत्येकीची चाल वेगळी. बागलाणात आम्ही आपल्या बोलीला बागलाणीही म्हणतो. बोलणाऱ्याला त्याच्या भाषेचं नाव विचारा आणि तो सांगेल ते नाव नोंदवा. त्याच्या नोंदीत जन्मगाव, सासर-माहेर, आईची बोली, शिक्षण, बाहेरगावी काढलेली वर्षं एवढं हवंच. सुनेची बोली माहेरची असते आणि नोंद सासरच्या गावाची झालेली असते, हा घोटाळा जुन्या संग्रहांत सगळीकडे आहे.

गोदाकाठ

खूप आभार. बदल अर्जाचं आणि गावक्रमांकाचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. संमेलन पुढे ढकललं, सुरगाणा तालुक्यातलं एक गाव आणि दहा तास असं काल ठरलं. दोन शंका राहिल्या. पत्रिकेचं कोणी सांगाल का? आणि कोकणा कथेकऱ्यांची थाळगानाची, म्हणजे काशाच्या थाळीच्या गुंजनावर कथा सांगण्याची, बैठक रेकॉर्ड करायची आहे. परवानगी कशी घ्यायची, आणि थाळीच्या गुंजनात आवाज हरवतो त्याला काय करायचं?

मुद्रितशोधक

पत्रिकेचं मी सांगतो. वार्षिकच काढा. त्रैमासिक जाहीर करून दोन अंकांत बंद पडलेल्या पत्रिका कमी नाहीत, आणि नियमितपणा मोडला की लेखक विश्वास ठेवत नाहीत.

आयएसएसएन दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून, ऑनलाइन अर्जाने, विनाशुल्क मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपया देऊ नका. आठ अंकी क्रमांक असतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादक व प्रकाशकाचा पत्ता असलेला अंक अर्जासोबत लागतो. मुखपृष्ठावर एक नाव, आत श्रेयपानावर दुसरं, संकेतस्थळावर तिसरं, असं असलं की अर्ज अडतो. नाव ठरवतानाच पक्कं ठरवा, कारण नाव बदललं की क्रमांकही नवा घ्यावा लागतो. आयएसएसएन ही फक्त ओळख आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. प्राध्यापक लेखक अजूनही "केअर यादीत आहे का?" विचारतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ती यादी 2025 मध्ये बंद केली आहे, तसं स्पष्ट सांगा आणि तुमची परीक्षणपद्धत अंकात छापा: प्रत्येक लेख दोन तज्ज्ञांकडे, लेखकाचं नाव काढून.

पुस्तक काढलंत तर आयएसबीएन वेगळा, तोही विनाशुल्क. आणि 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे 30 दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतली ठरलेली ग्रंथालयं अशा चार ठिकाणी एकेक प्रत स्वखर्चाने पाठवा. छोट्या संस्था हे टपालखर्च म्हणून टाळतात. पण मंडळ बंद पडलं, गोदामात पाणी शिरलं, तरी ती चार पुस्तकं राहतात. पाचवी प्रत आपल्या 1840 च्या सार्वजनिक वाचनालयात द्या, नाशिकच्या वाचकाला ती इथेच मिळायला हवी.

आता अक्षरजुळणी, कारण बोलींच्या अंकाची खरी नासाडी तिथे होते. पुष्कळ छापखान्यांत अजून जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट चालतात. तुमचा युनिकोड मजकूर ते रूपांतर करून घेतात, त्यात रफार एका अक्षराने सरकतो, नुक्ते गळतात, अर्धे र फुटतात. बागलाणकरांनी सांगितलेला च़ सगळ्यात आधी जातो. म्हणून ठरावातच लिहा की जुळणी युनिकोडमध्येच होईल आणि छपाईनंतर मूळ फाईल मंडळाला मिळेल. पानं जुळवायला इनडिझाइन वापरत असतील तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला आहे ना, ते पाहा. नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. तपासायची सोपी रीत: तयार पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मजकूर वाचता आला तरच उद्या तो कोणाला शोधता येईल.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र् नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. ॲ सुद्धा दोन प्रकारे होतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधताना एकाने टंकलेलं दुसऱ्याला सापडत नाही. तिघे लिप्यंतर करणार असाल तर तिघांचा कळफलक एकच ठेवा, आणि अंक छापण्याआधी शोधा-बदला करून सगळीकडे एकच रूप करून घ्या.

ऑनलाइन ठेवायला ओपन जर्नल सिस्टिम्स ही मोफत प्रणाली आहे, पण ती सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर लेखांच्या पीडीएफ झेनोडो या ऑनलाइन संशोधन-संग्रहात ठेवा. तिथे प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, विनाशुल्क मिळतो.

दप्तरदार

मुद्रितशोधकांना एक पुरवणी. पहिल्या अंकात लेखांपेक्षा सूची जास्त द्या. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत बोलींवर झालेले प्रबंध, वाचनालयांतले लोकगीतांचे जुने संग्रह, शाळांच्या वार्षिकांकांत छापलेल्या बोलीतल्या कथा, यांची पान क्रमांकासह यादी. कोणाकडे काय आहे हेच माहीत नसल्यामुळे तेच ते दहा शब्द आणि त्याच त्या चार ओव्या फिरत राहतात. दोन ग्रंथपाल तुमच्याकडे आहेत, हे काम त्यांच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

ध्वनिमुद्रक

थाळगानाबद्दल. लोकगीतावर लेखक म्हणून कोणाचा हक्क नसला तरी गाणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे, सादरीकरणानंतर 50 वर्षं. तेव्हा परवानगी एका सहीत गुंडाळू नका. चार प्रश्न वेगवेगळे विचारा आणि उत्तरं वेगवेगळी नोंदवा: रेकॉर्ड करू का? मंडळात जपून ठेवू का? अभ्यासकांना ऐकवू का? इंटरनेटवर लावू का? सही येत नसेल तर त्यांच्याच बोलीत विचारून होकार रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घ्या. नाव छापायचं की नाही हेही विचारा. पुष्कळदा नाव छापावं असंच उत्तर येतं, आणि जुन्या संग्रहांत नेमकं तेच नसतं.

धान्यदेवता कणसरीच्या कथेसारखं काही ठरल्या प्रसंगीच म्हणायचं असतं. डोंगऱ्या देवाच्या उत्सवातलंही तसंच. ते वेळेबाहेर म्हणून दाखवा असा आग्रह धरू नका, मार्गशीर्षात पुन्हा जा. आणि कथेकऱ्याने 'हे बाहेर नको' म्हटलं तर त्या फाईलच्या नोंदीत 'बंद' असा शेरा मारा. तो शेरा डिस्कच्या प्रत्येक प्रतीत हवा. मानधन त्या दिवसाच्या शेतमजुरीपेक्षा कमी नको, आणि झिलकऱ्यालाही (मागून साथ धरणाऱ्यालाही) वेगळं द्या. महिन्याभरात रेकॉर्डिंगची प्रत त्यांच्या घरी पोचवा. पेन ड्राइव्ह चालवायला काही नसेल तर मुलाच्या मोबाइलच्या कार्डात भरून द्या.

आवाजाचं असं आहे. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने काडी उभी केलेली असते आणि कथेकरी तिच्यावरून बोटं वरून खाली ओढत राहतो. थाळी सतत गुंजते, आणि ती त्याच्या मांडीशी असते, तोंडापासून हातभर अंतरावर. समोर एकच रेकॉर्डर ठेवलात तर गुंजन शब्दांवर बसतं, आणि नंतर ते वेगळं काढता येत नाही. दोन माईक लावा. कॉलर माईक कथेकऱ्याच्या गळ्याशी, अगदी उंच, हनुवटीखाली चार बोटांवर. दुसरा समोर दीड मीटरवर, थाळी आणि झिलकरी दोघांसाठी. दोन्ही वेगळ्या चॅनेलवर घ्या, एकत्र मिसळू नका. लिहून काढताना फक्त पहिला चॅनेल ऐकायचा. थाळी दगडी फरशीवर नको, घोंगडीवर ठेवायला सांगा, फरशीतून येणारी थरथर रेकॉर्डरच्या पायापर्यंत पोचते. आणि माईक लावून पातळी बघायचं काम काडी मेणावर बसवण्याआधी उरकून घ्या. एकदा थाळी सुरू झाली की कथेला मधे थांबवायचं नसतं, त्यामुळे बॅटरी आणि कार्ड दोन्ही रात्रभर पुरतील एवढी सोबत असू द्या.